काळ्या यादीतून निसटलेले मॉड्यूल : बडोद्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत अकरा माणसांचा एक छोटा उद्योग आहे. कारखान्यांच्या विद्युत पॅनेलमध्ये बसवलेली ऊर्जा मीटर दर मिनिटाला वाचून त्यांचे आकडे सर्व्हरकडे पाठवणारा एक डबा तो तयार करतो. या डब्याला ते गेटवे म्हणतात. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी तिथला नोकर नाही. त्यांच्या कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी अधूनमधून बोलावला जाणारा सल्लागार आहे, त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही माझ्याही आहेत.

डब्यात आर्म प्रोसेसरचा एक बोर्ड असतो. त्याला ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी ईएमएमसी साठवण आहे, आणि त्यावर बोर्ड विकणाऱ्यानेच दिलेली, डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणाली चालते. मीटर आरएस-४८५ तारेवर मॉडबस भाषेत बोलतात. बोर्डावर स्वतःचे आरएस-४८५ पोर्ट नसल्याने यूएसबीचा कन्व्हर्टर लावलेला असतो. ही साधी दिसणारी गोष्ट पुढे निर्णायक ठरली, कारण तिच्यामुळे ‘यूएसबीच बंद करून टाका’ हा सर्वांत सोपा मार्ग पहिल्या दिवसापासून मिटलेला होता.

विक्रेत्याची प्रणाली कोणत्याही कामाला चालावी अशा हिशेबाने बांधलेली असते. तिच्यात शेकडो मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार कर्नेलला जोडले जाणारे छोटे भाग, असतात: वाय-फाय, ब्लूटूथ, ध्वनी, कॅमेरा, टीव्ही ट्यूनर, आणि ज्यांची नावेही बहुतेकांनी ऐकलेली नसतात असे नेटवर्क प्रोटोकॉल. डिस्कवर ती निमूट पडून असतात आणि मागणी आली की कर्नेलमध्ये चढतात. त्या काळी बडोदे आणि आसपासच्या वसाहतींत मिळून असे ३८ डबे चालू होते.

अडचण

पाद्र्याच्या रस्त्यावरील एका औषध कारखान्यात यांपैकी नऊ डबे आहेत. त्या कारखान्याच्या माहिती-सुरक्षा तपासणीत तीन मागण्या आल्या. डब्याला पेनड्राइव्ह लावता येऊ नये, वाय-फाय व ब्लूटूथ पूर्ण बंद असावे, आणि वापरात नसलेले नेटवर्क प्रोटोकॉल चढू नयेत. मुदत तीन आठवड्यांची होती आणि प्रत्येक मागणीचा पुरावा द्यायचा होता.

तिसरी मागणी ऐकून उद्योगाचे मालक वैतागले होते. जे आपण वापरतच नाही त्याचा कसला धोका, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे की मॉड्यूल चढवण्यासाठी ते आपण वापरत असण्याची गरज नसते. एखाद्या सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रामने विशिष्ट प्रकारचे सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलण्याचे दार, मागितले की कर्नेल स्वतःच ते मॉड्यूल शोधून चढवतो. २०१० मध्ये आरडीएस या प्रोटोकॉलमध्ये आणि २०१७ मध्ये डीसीसीपीमध्ये सापडलेल्या दोषांमुळे साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत होते, आणि हे दोन्ही प्रोटोकॉल सर्वसाधारण यंत्रांवर कोणी जाणूनबुजून वापरत नाही. डीसीसीपीचा दोष तर दहा वर्षांहून अधिक काळ कर्नेलमध्ये होता. म्हणून ही मागणी मला रास्त वाटली, आणि तसे मी सांगितले.

पहिला प्रयत्न आणि त्याचे फसणे

उद्योगात सॉफ्टवेअरची माणसे दोनच. एक दांडिया बाजारात राहणारे पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि दुसरी कलाभवन या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली अभियंता. तिने मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोब या प्रोग्रामच्या संरचना-फोल्डरमध्ये एक नवी फाइल केली, तिच्यात चौदा मॉड्यूलांपुढे ‘ब्लॅकलिस्ट’ हा शब्द लिहिला, डबा पुन्हा चालू केला, आणि चढलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या एलएसमॉडच्या यादीत त्यांपैकी एकही दिसत नाही याची खात्री करून त्या यादीचे छायाचित्र पुरावा म्हणून पाठवून दिले. एका दुपारचे काम होते.

चार दिवसांनी कारखान्याच्या संगणक विभागातील माणसाने डब्याला आपल्या खिशातला पेनड्राइव्ह लावला. दिवा लुकलुकला, कर्नेलच्या नोंदीत नवी डिस्क आली, आणि एलएसमॉडमध्ये यूएसबी-स्टोरेज ठळकपणे हजर झाले.

कारण समजायला आम्हाला अर्धा दिवस लागला. ब्लॅकलिस्ट या शब्दावरून वाटते की ते मॉड्यूल आता चढणारच नाही, पण त्याचा खरा अर्थ फार मर्यादित आहे. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात तो कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणारी उपनावे असतात. उपकरण जोडले की यूडेव्ह हा उपकरणांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम त्या उपनावांवरून मॉड्यूल शोधतो, आणि ब्लॅकलिस्टची ओळ एवढेच सांगते की या मॉड्यूलची उपनावे विचारात घेऊ नका. नाव घेऊन कोणी ते मागितले तर ते चढते. दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज असली तरीही ते चढते.

इथे नेमके हेच घडले. पेनड्राइव्ह स्वतःची ओळख वर्ग ०८, उपवर्ग ०६, प्रोटोकॉल ५० अशी देतो. ही ओळख यूएसबी-स्टोरेजच्या उपनावांत आहे, तशीच ती यूएएस या नव्या, वेगवान पद्धतीच्या मॉड्यूलच्या उपनावांतही आहे. यूएएस आमच्या चौदांच्या यादीत नव्हते. यूडेव्हने ते चढवायला घेतले, त्याला यूएसबी-स्टोरेज लागते म्हणून तेही मागोमाग आले, आणि एकदा आल्यावर त्याने पेनड्राइव्हचा ताबा घेतला. दिंडीदरवाजाला अडसर घातला आणि परसदार उघडे राहिले, असा हा प्रकार होता. मॉड्यूलची माहिती सांगणाऱ्या मॉडइन्फोच्या उत्तरात ‘अवलंबून’ या मथळ्याखालची एक ओळ वाचली असती तर हे आधीच दिसले असते.

मग यूएएसही यादीत घातले. टेबलावर पेनड्राइव्ह लावला, काही झाले नाही. समाधान होणार तेवढ्यात काकांनी पेनड्राइव्ह लावूनच डबा चालू केला, आणि मॉड्यूल पुन्हा हजर. बूटच्या आरंभी मुख्य फाइलप्रणाली हाती येण्यापूर्वी एक छोटी तात्पुरती फाइलप्रणाली मेमरीत उतरते. तिच्यात मॉड्यूलांच्या आणि मॉडप्रोबच्या संरचनेच्या स्वतंत्र प्रती असतात. आमची नवी फाइल मुख्य डिस्कवर होती, त्या प्रतीत नव्हती. ती तात्पुरती प्रणाली नव्याने बांधेपर्यंत बूटच्या पहिल्या काही सेकंदांत जुनेच नियम चालू होते.

तिसरा धक्का कागदावरच बसला. चौदांपैकी यूएसबी कीबोर्डचे मॉड्यूल या विक्रेत्याच्या कर्नेलमध्ये मॉड्यूल म्हणून नव्हतेच, ते कर्नेलच्या अंगात बांधलेले होते. अशी नावे एलएसमॉडमध्ये कधीच दिसत नाहीत, आणि त्यांच्यापुढे ब्लॅकलिस्ट लिहिले तर कोणी तक्रारही करत नाही. ‘यादीत दिसत नाही’ हा आमचा पुरावा त्या ओळीपुरता निव्वळ निरर्थक होता.

पर्यायांचा विचार

या टप्प्यावर आम्ही तिघे आणि सेवा विभागाचे प्रमुख असे एका संध्याकाळी बसलो. त्या बैठकीत निघालेले पर्याय सारख्या वजनाचे नव्हते.

सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे कर्नेल स्वतः बांधणे आणि नको ते त्यात ठेवूच नये. मी आरंभी याच बाजूचा होतो. काकांनी विचारले, “आणि दर महिन्याला सुरक्षेचे बदल आले की बांधत कोण बसणार? मी, की ती?” दोन माणसांच्या चमूने कर्नेलची मालकी पत्करणे म्हणजे वर्षभराने जुन्या, न सुधारलेल्या कर्नेलवर अडकून पडणे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. मॉड्यूलच्या फाइली पुसून टाकणे हा त्याचाच आळशी भाऊ. कर्नेलचे पॅकेज पुढच्या वेळी अद्ययावत झाले की त्या सगळ्या गुपचूप परत येतात.

कर्नेलच्या बूट-ओळीवर, म्हणजे सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, मॉड्यूलची नावे देऊन कर्नेललाच नकार द्यायला लावता येतो. हा नकार बूटच्या आरंभापासून लागू असतो आणि रूटने फाइलचे नाव देऊन थेट चढवू म्हटले तरी टिकतो. एक बारकावा मात्र आहे: मॉडप्रोबला नावातील आडवी रेघ आणि खालची रेघ सारखीच वाटते, कर्नेलला वाटत नाही. तिथे खालची रेघच लिहावी लागते, नाहीतर ओळ नुसती शोभेची राहते. हा पर्याय आम्ही केवळ एका कारणाने बाजूला ठेवला. त्यासाठी ३८ डब्यांच्या बूटलोडरची, म्हणजे कर्नेल सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, संरचना दुरून बदलावी लागली असती, आणि त्यात एक अक्षर चुकले तर तो डबा उठतच नाही, माणूस पाठवावा लागतो. नव्याने तयार होणाऱ्या डब्यांसाठी तो आता वापरला जातो.

उरले ते दोन उपाय. एक, मॉडप्रोबच्या संरचनेत ‘इन्स्टॉल’ची ओळ लिहून त्या मॉड्यूलऐवजी नेहमी अपयश परत करणारा फॉल्स हा छोटा प्रोग्राम चालवायला लावणे. ही ओळ अवलंबनाच्या वाटेने आलेल्या मागणीलाही लागू होते, त्यामुळे यूएएस आले तरी ते यूएसबी-स्टोरेजपाशी अडखळून परत जाते. काही जण फॉल्सऐवजी ट्रू लिहितात. तसे केल्यास मॉडप्रोबला काम झाले असे वाटते आणि गोंधळ पुढच्या पायरीवर निघतो, म्हणून स्वच्छ अपयशच बरे. दुसरा उपाय कर्नेलच्या एका कुलपाचा. कर्नेलची मूल्ये बदलणाऱ्या सिसकंट्रोलमधील त्या मूल्याला १ केले की त्यानंतर पुढच्या बूटपर्यंत कोणतेही मॉड्यूल चढत नाही, रूटसाठीसुद्धा, आणि ते मूल्य परत ० करता येत नाही.

सेवाप्रमुख एवढा वेळ ऐकत होते. त्यांनी दोन वाक्ये बोलली. पहिले गमतीचे, “त्या पोर्टात फेव्हिक्विक घाला ना, संपला विषय.” दुसरे मात्र गंभीर होते. “अहो, पेनड्राइव्ह बंद केलात तर आमच्या माणसानं साइटवर करायचं काय?” नवे मीटर जोडले की त्याच्या पत्त्यांची फाइल तंत्रज्ञ पेनड्राइव्हनेच डब्यात घालत असत. कित्येक कारखान्यांच्या फाटकावर लॅपटॉप आत न्यायला वेगळा परवाना लागतो. खिशातला पेनड्राइव्ह बहुधा कोणी विचारत नाही, आणि सुरक्षा तपासणीला नेमका त्याचाच आक्षेप होता. आम्ही ज्याला नको असलेले मॉड्यूल म्हणत होतो, ते त्याच उद्योगातील सहा माणसांचे रोजचे हत्यार होते, आणि पहिल्या दिवशी त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

प्रत्यक्ष केलेली कामे

वाय-फाय व ब्लूटूथचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला. दोन्ही चिप बोर्डावरच असल्याने डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या उपकरणांच्या यादीत, त्यांच्या नोंदी बंद म्हणून खुणावल्या. उपकरणच अस्तित्वात नसल्यावर मॉड्यूल मागणारे कोणी उरत नाही.

साठवण आणि प्रोटोकॉल यांसाठी इन्स्टॉलच्या ओळी लिहिल्या: यूएसबी-स्टोरेज, यूएएस, डीसीसीपी, एससीटीपी, आरडीएस आणि टीआयपीसी. तात्पुरती बूट-प्रणाली नव्याने बांधली. शिवाय कुलूपही लावायचे ठरले. दोन्ही कशाला, असे अभियंतेने विचारले होते. इन्स्टॉलची ओळ मॉडप्रोबला बांधील असते, रूटने थेट फाइल चढवली तर ती आड येत नाही. कुलूप तेही अडवते, पण ते बूट पूर्ण झाल्यावरच लावता येते, आणि त्याआधीचा अर्धा मिनिट इन्स्टॉलच्या ओळीच सांभाळतात.

कुलपाची जागा ठरवताना आमच्याकडून चूक झाली. ते मूल्य आम्ही नेहमीच्या सिसकंट्रोल फाइलीत लिहिले. ती फाइल बूटमध्ये फार लवकर वाचली जाते, जोडलेल्या उपकरणांसाठी यूडेव्हने मॉड्यूल चढवण्याच्या आसपासच. टेबलावरचा डबा कधी नीट उठे, कधी कन्व्हर्टरशिवाय उठे. मग कुलपासाठी, बूटमध्ये प्रोग्राम क्रमाने सुरू करणाऱ्या सिस्टमडीची वेगळी सेवा केली आणि ती मीटर वाचणाऱ्या प्रोग्रामनंतर ठेवली. तरी दूरस्थ जोडणी तुटली, कारण व्हीपीएनला लागणारे टन हे मॉड्यूल पहिल्या वापराच्या क्षणी चढते आणि व्हीपीएन कुलपानंतर सुरू होत होते. शेवटी कन्व्हर्टरचे एफटीडीआय मॉड्यूल आणि टन ही दोन्ही बूटलाच नाव घेऊन चढवायच्या यादीत घातली.

पुरावाही बदलला. एलएसमॉडच्या छायाचित्राऐवजी चार चाचण्यांची नोंद दिली: चालू डब्याला पेनड्राइव्ह लावणे, लावून डबा चालू करणे, चारही प्रोटोकॉलचे सॉकेट उघडायचा प्रयत्न करणारा पायथनचा छोटा प्रोग्राम, आणि कर्नेलच्या अंगात बांधलेल्या मॉड्यूलांच्या यादीशी आमच्या यादीची तुलना. त्या शेवटच्या चाचणीत कीबोर्ड उघडा असल्याचे आम्ही स्वतःहून लिहिले. मालकांना ते आवडले नव्हते.

तंत्रज्ञांसाठी पेनड्राइव्हऐवजी लॅपटॉप आणि नेटवर्कच्या तारेची पद्धत ठरली. तीन डबे टेबलावर चार दिवस, मग पाच डबे प्रत्यक्ष जागी, आणि नंतर उरलेले सगळे, अशा क्रमाने बदल पाठवला. औषध कारखान्याने तो स्वीकारला.

शनिवारची दुपार

दोन महिन्यांनी नंदेसरीच्या एका कारखान्यातील डब्याचे आकडे शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत आले नाहीत. कन्व्हर्टर जळाला होता. तंत्रज्ञाने शहरातल्या दुकानातून नवा आणून लावला, त्याचा दिवा लागला, म्हणून तो घरी गेला. जुना कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा होता, नवा सीएच३४० चिपचा. त्याला सीएच३४१ हे मॉड्यूल लागते, आणि कुलूप लागलेले असल्याने ते चढले नाही. नोंदीत ‘परवानगी नाही’ असे होते, पण रूटला परवानगी नाही हे वाक्य काकांना आधी खरेच वाटेना.

सोमवारी फोनवरून डबा बंद करून चालू करायला सांगितले, आणि सगळे सुरळीत झाले, कारण नव्या बूटमध्ये कुलूप लागण्यापूर्वी यूडेव्हने योग्य मॉड्यूल चढवले. या बंद-चालूनेच खरे कारण झाकून टाकले. नोंदी मागे जाऊन तपासल्या तेव्हा कळले की असे आधीही दोनदा घडले होते. दोन्ही वेळा तंत्रज्ञाने सवयीने डबा बंद-चालू केला होता आणि कोणालाच काही कळवले नव्हते. पूर्वी कन्व्हर्टर चालू डब्यातच बदलला तरी चालत असे. ही सवय आमच्या बदलाने मोडली होती, आणि तसे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

दुरुस्ती एका ओळीची होती. बाजारात मिळणाऱ्या कन्व्हर्टरांत सहसा सापडणाऱ्या चिपची सीएच३४१, सीपी२१०एक्स आणि पीएल२३०३ ही मॉड्यूलही बूटलाच चढवायच्या यादीत घातली. त्याने मेमरी थोडी जास्त जाते, आणि ‘कमीत कमी मॉड्यूल’ या मूळ उद्देशाशी ते विसंगत दिसते. मला ती विसंगती योग्य वाटते.

वेगळे काय करता आले असते

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी सेवा विभागाच्या दोन तंत्रज्ञांबरोबर एक दिवस काढायला हवा होता. डब्याला खरोखर काय काय जोडले जाते याची यादी त्यांच्या पिशवीत होती, आणि आम्ही ती एलएसमॉडमध्ये शोधत होतो.

सर्व ३८ डब्यांवर एकच बदल पाठवण्याच्या निर्णयावर आमच्यात अजून मतभेद आहेत. काकांचे म्हणणे असे की दोन प्रकारचे डबे सांभाळणे दोन माणसांना झेपत नाही. माझ्या मते प्रणाली एकच ठेवून हे नियम एका छोट्या स्वतंत्र पॅकेजात बांधता आले असते आणि मागणी करणाऱ्या ग्राहकाच्या नऊ डब्यांवर ते आधी, दोन महिने, चालवून पाहता आले असते. नंदेसरीच्या ग्राहकाने पेनड्राइव्हबद्दल कधी तक्रारच केली नव्हती, आणि आकडे मात्र त्याचे बुडाले.

कुलपाऐवजी यूएसबीची परवानगी-पद्धत आधी तपासायला हवी होती. तिच्यात नवे उपकरण मुळात अमान्य असते आणि ओळखीच्या उपकरणांनाच कर्नेल स्वीकारतो. मॉड्यूल अंगात बांधलेले असो वा नसो, तिला फरक पडत नाही, म्हणून कीबोर्डचा प्रश्नही तिच्यानेच सुटतो. मुदतीच्या घाईत आम्ही तिच्याकडे पाहिले आणि सोडून दिले. तिची अडचण तीच नंदेसरीची आहे: दुकानातून आणलेला कन्व्हर्टर मान्य यादीत नसला तर तो पुन्हा मुका राहणार, आणि या वेळी बंद-चालू करूनही बोलणार नाही. त्यामुळे तंत्रज्ञांच्या पिशवीत आता एकाच चिपचे, उद्योगानेच विकत घेतलेले प्रत्येकी दोन कन्व्हर्टर दिले आहेत, आणि परवानगी-पद्धतीचे दोन डबे मकरपुऱ्याच्या टेबलावर चाचणीला लावले आहेत. तोवर औषध कारखान्यातील नऊ पॅनेलांना खरेखुरे कुलूप आहे, आणि अहवालात कीबोर्डच्या ओळीपुढे ‘प्रलंबित’ असेच लिहिलेले आहे.